झोपण्यापुरती जागा : बीडीडी चाळ, सिद्धार्थ विहार आणि दलित आत्मकथनांतील नवागत विद्यार्थी

दलित आत्मकथनांवर मराठीत जेवढी समीक्षा झाली, तेवढी स्वातंत्र्योत्तर काळातील अन्य कोणत्याही गद्यप्रकारावर क्वचितच झाली असेल. लेखक कोठून आला, कोणत्या वस्तीतून आला, त्याने काय सोसले आणि त्यातून त्याची भाषा कशी घडली, याची चर्चा विपुल आहे. तो पुढे कोठे पोहोचला, कोणत्या चळवळीत उभा राहिला, याचीही नोंद झालेली आहे. मात्र गावकुसाबाहेरून निघालेला मुलगा आणि व्यासपीठावर उभा असलेला कार्यकर्ता-लेखक या दोहोंच्या दरम्यान एक खोली असते. ती कधी वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातली असते, कधी तेव्हाच्या औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातली, तर पुष्कळदा वरळीच्या बीडीडी चाळीतली, एकशेसाठ चौरस फुटांची. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला नाव घातलेला मुलगा या खोलीत येतो तेव्हा तो कोणाचा तरी पुतण्या किंवा भाचा असतो. काही वर्षांनी बाहेर पडतो तेव्हा तो अनेकांचा ‘भाऊ’ झालेला असतो. हे रूपांतर नेमके कसे घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभीच एक गृहीत स्पष्ट करावयास हवे. बंधुता हा शब्द आपण राज्यघटनेच्या उद्देशिकेतला म्हणून शिकवतो. वर्गात त्याची व्याख्या सांगितली जाते, परीक्षेत ती लिहिली जाते. पण या आत्मकथनांत बंधुता प्रथम व्याख्येच्या रूपाने येत नाही. ती झोपायला मिळालेल्या जागेच्या आणि दुसऱ्याच्या ताटातून मिळालेल्या वाट्याच्या रूपाने येते. समीक्षेने विचार पाहिला, विद्रोह पाहिला, वेदना तर पाहिलीच; परंतु ही जागा आणि हा वाटा पाहिला नाही. त्यामुळे ती जागा कोणी दिली आणि त्या वाट्याचे मोल कोणी मोजले, हा प्रश्नही अनुत्तरित राहिला. माझ्या मते या साहित्याच्या वाचनातील ही मोठी उणीव आहे.

तुलनेसाठी क्षणभर दूर जावे लागेल. अमेरिकेतील महाविद्यालयांत नवागत विद्यार्थ्याने ग्रीक अक्षरांच्या नावाच्या बंधुसंघात प्रवेश घेण्याची परंपरा फार जुनी आहे. अशा नावाची पहिली संस्था १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात निघाली. कालांतराने या संघांची घरे झाली, चिन्हे झाली, गुप्त शपथा झाल्या आणि नव्याने येणाऱ्याने काही काळ ज्येष्ठांचे हुकूम झेलावेत, अपमान सोसावा, मगच त्याला आत घ्यावे, असा रिवाजही झाला. गोऱ्यांच्या या संघांत काळ्या विद्यार्थ्यांना जागा नव्हती. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील सात काळ्या विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हा स्वतःचा बंधुसंघ स्थापन केला. आधीच्या वर्षी आलेले त्यांचे काही बांधव एकटे पडून शिक्षण सोडून गेले होते. ते आपल्या बाबतीत होऊ नये म्हणून एकत्र बसून अभ्यास करणे, एकमेकांना धरून राहणे, हा त्या संघाचा मूळ हेतू. मार्टिन ल्यूथर किंग पुढे याच संघाचे सदस्य झाले. म्हणजे बहिष्कृतांनी बंधुसंघाचा साचा उचलला आणि त्यात वेगळा आशय भरला. साच्याने मात्र आपला गुण सोडला नाही; नवागताची परीक्षा पाहण्याची रीत काळ्या बंधुसंघांतही रुजली आणि त्यावर त्यांच्यातूनच टीकाही झाली. स्पाइक ली यांचा १९८८ चा ‘स्कूल डेझ’ हा चित्रपट याचे उत्तम उदाहरण होय.

१९१३ मध्ये परळच्या बीआयटी चाळीत घर असलेला एक विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा हे सारे त्याच्या अवतीभवती होते. भीमराव आंबेडकर प्रथम हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले, मग काही भारतीय विद्यार्थ्यांसमवेत कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तेथे त्यांच्या खोलीत नवल भथेना हा पारशी मित्र होता. हा स्नेह जन्मभर टिकला; पुढे लंडनच्या शिक्षणासाठी पैसे कमी पडले तेव्हा भथेना यांनीच मदत केली. आंबेडकरांच्या बंधुताविचाराचा उगम शोधताना अभ्यासक जॉन ड्यूई यांच्या वर्गाकडे जातात, आणि ते रास्तच आहे. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त लोकशाहीचेच दुसरे नाव बंधुता असे जे प्रतिपादन आहे, त्यामागे ड्यूई आहेतच. पण ड्यूईंच्या वर्गाइतकीच लिव्हिंग्स्टन हॉलची ती खोलीही विचारात घ्यावी, असे मला वाटते. जात विचारल्याशिवाय एका खोलीत दुसऱ्या माणसाशेजारी झोपणे, ही त्या काळच्या भारतीय विद्यार्थ्यासाठी केवढी मोठी घटना असेल! बडोद्यात नोकरीसाठी परतल्यावर पारशी खानावळीतून त्यांना कसे बाहेर काढले गेले, हे सर्वविदित आहे. एका पारशाच्या शेजारी मिळालेली जागा न्यूयॉर्कमध्ये स्नेह ठरली आणि तशीच जागा बडोद्यात गुन्हा ठरली. त्यांच्या विचारात बंधुता ही नेहमी राहण्याच्या, जेवण्याच्या, एकत्र वावरण्याच्या भाषेत येते, ती उगाच नव्हे.

आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन केले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग सुरू झाले. आज हा तपशील आपण प्रशासकीय सोय म्हणून वाचतो. वस्तुतः त्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थी या शब्दाचा अर्थच बदलला. गोदीत, गिरणीत, टपाल खात्यात, बँकेत नोकरी करणारा माणूस सकाळी फोर्टमध्ये तास ऐकून कामावर जाऊ लागला. तो रात्री कोठे झोपत होता?

या प्रश्नाचे एक उत्तर बीडीडी चाळ हे आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात कामगारांसाठी बांधलेल्या या २०७ इमारतींपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. उरलेल्या नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दारे, शौचालये सामायिक. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर केला, यावरून त्या बांधकामाच्या स्वभावाची कल्पना यावी. अशा एका खोलीत एक कुटुंब राही, आणि त्या कुटुंबाच्या आश्रयाने गावाकडची दोन-तीन माणसे. कोकणातल्या व देशावरच्या अनेक गावांच्या तर गावकीच्या खोल्याच असत. गावाचा माणूस मुंबईत उतरला की वळकटी घेऊन तेथे येई. पाळीप्रमाणे झोपणे हा तेथला नियम. रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच्या जागी दिवसपाळीचा पसरे. विद्यार्थ्याच्या वाट्याला या व्यवस्थेत बोळ येत असे, जिना येत असे, गच्ची येत असे. आणि अभ्यासाला रस्त्यावरच्या दिव्याखालची जागा. नारायण सुर्वे यांनी १९६६ मध्ये आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले, त्या नावामागे असलेली गिरणगावची वस्तुस्थिती ही अशी होती.

सांगली जिल्ह्यातील नांद्रे गावचा, आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला राजा ढाले हा मुलगा नातेवाइकांसमवेत मुंबईत आला आणि वरळीच्या बीडीडी चाळीत वाढला. पुढे सिद्धार्थ महाविद्यालय, लघुनियतकालिकांचे जग, आणि मग दलित पँथर. हा प्रवास वैचारिक प्रवास म्हणून अनेकदा सांगितला गेला आहे. तो एका आश्रित मुलाचा, दुसऱ्याच्या खोलीत वाढलेल्या मुलाचा प्रवास म्हणून मात्र सांगितला जात नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ढाले यांच्या गद्यातील तो प्रसिद्ध ताठरपणा, कोणाचेही ऋण शब्दात न मानण्याची ती वृत्ती, या आश्रितपणाच्या संदर्भात वाचून पाहण्याजोगी आहे. हे अनुमान आहे, याची मला जाणीव आहे.

दलित पँथरची कल्पना मे १९७२ मध्ये पुढे आली. त्या नावामागची प्रेरणा सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे संस्थापक ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे ऑकलंडच्या मेरिट महाविद्यालयातले विद्यार्थी होते; त्यांनी १९६६ मध्ये पक्ष काढला तो महाविद्यालयातल्या संघटनांचा अपुरेपणा जाणवल्यामुळे. मुंबईतही काहीसे असेच झाले, परंतु एका महत्त्वाच्या फरकाने. येथील मंडळींत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले ढाले होते, बँकेत नोकरी करणारे ज. वि. पवार होते आणि महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेले, टॅक्सी चालवून पोट भरणारे, गोलपिठ्याच्या ढोर चाळीत वाढलेले नामदेव ढसाळ होते. अर्जुन डांगळे, आणि पुढे सिद्धार्थ विहारात राहून शिकणारे अरुण कांबळे, रामदास आठवले आदी तरुण या वर्तुळात आले. बंधुसंघ म्हणून पाहिल्यास ही अजब रचना होती. अमेरिकेतल्या बंधुसंघाचे दार नावनोंदणी झालेल्या विद्यार्थ्यालाच उघडे असते. येथे वसतिगृहाची खोली ज्याच्या नावावर असे तो एक, आणि रात्री तेथे झोपणारे चार. कोण विद्यार्थी, कोण कवी, कोण बेकार आणि कोण केवळ गावाहून न्यायासाठी आलेला, हे त्या खोलीत सहज ओळखू येऊ नये, अशी स्थिती होती.

वसतिगृहाच्या अधिक्षकांच्या दृष्टीने हा नियमभंग होता. आपल्यापैकी ज्यांनी वसतिगृहाची जबाबदारी सांभाळली आहे, त्यांना हा पेच ठाऊक आहे. नियमबाह्य राहणाऱ्याला बाहेर काढावे तर तो जाणार कोठे, आणि न काढावे तर ज्याच्या हक्काची खाट आहे त्याने काय करावे? पण साहित्येतिहासाच्या दृष्टीने हा नियमभंग नसता, तर गेल्या पन्नास वर्षांतील मराठी साहित्याचा एक मोठा भाग लिहिलाच गेला नसता.

येथे प्रवेशाच्या विधीचा मुद्दा घ्यावयाचा आहे. ज्याला आपण रॅगिंग म्हणतो आणि ज्याला मनाई करणारा कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्ये केला, तो मूलतः प्रवेशाचा विधीच आहे. नवागताला खाली वाकवायचे, मग आपल्यात घ्यायचे. वाकणे हे येथे प्रवेशमूल्य असते. याच्या उलट टोकाला बौद्ध संघाच्या परंपरेतील उपालीची कथा आहे, आणि आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तिला आवर्जून स्थान दिले आहे. शाक्य कुमारांसोबत त्यांचा न्हावी उपाली हाही प्रव्रज्येसाठी आला. तेव्हा उपालीला आधी दीक्षा देण्यात आली, जेणेकरून तो ज्येष्ठ ठरावा आणि कुमारांनी त्याला वंदन करावे. येथेही वाकणे आहे, पण जो आजवर ताठ होता त्याने वाकायचे आहे. जे बाहेर आधीच वाकवले गेले आहेत त्यांना आत येताना पुन्हा वाकवण्याचे प्रयोजन नाही, हे यातले मर्म. पँथरच्या पिढीच्या आठवणींत प्रवेशाची परीक्षा, शपथ, दीक्षा असे काही आढळत नाही, याचे स्पष्टीकरण मला येथे सापडते. खेड्यातल्या शाळेच्या पायरीपासून पाणवठ्यापर्यंत ज्याची परीक्षा झालेली आहे, त्याची आणखी कोणती परीक्षा घ्यायची? त्याला सरकून जागा द्यायची, एवढेच.

प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) या दृष्टीने पुन्हा वाचावे. बहिणीच्या संसारात आश्रित म्हणून वाढणाऱ्या पोरक्या मुलाची ही कथा आहे. भूक हा तिचा विषय, यावर समीक्षकांचे एकमत आहे. पण ही भूक नेहमी दुसऱ्याच्या घरातली आहे. आपल्या घरातल्या उपासाला एक सामुदायिकपण असते. दुसऱ्याच्या घरातल्या भुकेला लाज असते. सोनकांबळे यांचा निवेदक तक्रार करीत नाही, आक्रोश करीत नाही, याचे श्रेय त्याच्या ‘सोशिक’ स्वभावाला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती आश्रिताची सवय वाटते. जो दुसऱ्याच्या चुलीजवळ वाढला तो आवाज चढवायला शिकत नाही. हाच मुलगा पुढे मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात येतो आणि प्रथमच अशा ठिकाणी पोहोचतो जेथे सगळेच आश्रित असतात, म्हणून कोणीच आश्रित राहत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधील संगमनेरच्या बोर्डिंगच्या दिवसांतही याच अवस्थेची वेगळी छटा आहे. कावाखान्याच्या कोंदट जगातून आलेल्या निवेदकाला तेथे समवयस्क मिळतात. पवार मात्र सोनकांबळे यांच्याइतके निर्मळ नाहीत. दगडू पवार स्वतःकडे पाहताना जी उपहासाची नजर वापरतो, ती त्या सोबतीलाही सोडत नाही. यामुळेच ‘बलुतं’ हे अधिक मोठे पुस्तक आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने (१९८४) मात्र या बंधुतेलाच कसोटीला लावले. बारा माशांचा तोळा होतो; अकरा माशांचा तो अपुरा, अशुद्ध. पाटील बाप आणि महार आई यांच्या विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या या मुलाला शाळेत बापाचे नाव कोणते लावायचे येथून अडचण सुरू होते आणि ती लग्नाच्या वयापर्यंत संपत नाही. सवर्णांनी त्याला नाकारले, यात नवल नाही. पण ज्या समाजाशी तो स्वतःला जोडू पाहतो, त्या समाजातही सोयरिकीची वेळ आली की रक्ताचा प्रश्न उभा राहतो. सभेत भाऊ म्हणणारे लग्नाच्या बोलण्यात कुळी पाहतात. लिंबाळे यांनी पुढे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) लिहिताना अनुभव, नकार, विद्रोह या संकल्पनांवर भर दिला. त्यांच्या स्वतःच्या आत्मकथनाने उभा केलेला हा प्रश्न त्या सौंदर्यशास्त्रात तितक्या तीव्रतेने आलेला नाही, असे माझे मत आहे. भाऊ हा शब्दच रक्ताच्या नात्यातून आलेला आहे. रक्ताची शुद्धता नाकारणाऱ्या चळवळीने आपल्या नात्यासाठी रक्ताचाच शब्द वापरावा, यातला पेच आंबेडकरांच्या लक्षात आला असावा. अखेरच्या लेखनात ते बंधुतेबरोबरच, किंबहुना तिच्याही पुढे, मैत्री हा शब्द वापरू लागतात. मित्राला बापाचे नाव सांगावे लागत नाही.

बंधुता कोणापर्यंत जाते, या प्रश्नावर पँथरही फुटली. १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित या शब्दाची कक्षा रुंदावून तीत अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांचा समावेश केला. ढाले यांना त्यात मार्क्सवादाची छाया दिसली. ढसाळ यांना त्याशिवाय लढा अपुरा वाटत होता. १९७४ मध्ये फूट पडली आणि ७ मार्च १९७७ रोजी ढाले यांनी संघटना विसर्जित झाल्याचे घोषित केले. पँथरच्या संस्थापकांनी पुढे लिहिलेल्या ग्रंथांत, ज. वि. पवार यांच्या इतिहासखंडांत, ढसाळ यांच्या ‘दलित पँथर : एक संघर्ष’ मध्ये, डांगळे यांच्या लेखनात, या घटनांची परस्परविरोधी वृत्तांते आहेत. कल्पना कोणाची, नाव कोणाचे, पत्रक कोणी लिहिले, यावर बराच मजकूर खर्ची पडला आहे. इतिहासकाराला या वादाचे महत्त्व आहे. साहित्याच्या वाचकाला मात्र एक गोष्ट खटकते. भावांची हिस्सेवाटणी चालू असताना घर कोणी चालवले, हा विषय निघतच नाही.

जाहीरनाम्यात स्त्री व्याख्येत आली. खोलीत ती आधीपासूनच होती. चाळीतल्या ज्या खोलीने गावाकडच्या मुलाला ठेवून घेतले, त्या खोलीत पहाटे नळावर रांग लावणारी, असलेल्या पिठात आणखी एका माणसाची भाकर बसवणारी, स्वतः मोरीजवळ अंग आखडून झोपणारी आत्या, मावशी, चुलती किंवा वहिनी होती. मुलगा रात्री उशिरा सभेहून येई तेव्हा ताट झाकून ठेवलेले असे. आत्मकथनांत ही बाई येते, पण बहुधा एका वाक्यापुरती, कृतज्ञतेने किंवा तिच्या टोचणाऱ्या शब्दांच्या आठवणीने. तिला विचारले असते तर तिने काय सांगितले असते, याची कल्पना हवी असल्यास मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) वाचावे लागते. शाहीर अमर शेख यांची कन्या आणि नामदेव ढसाळ यांची पत्नी असलेल्या या कवयित्रीने विशीच्या उंबरठ्यावर या बंधुसंघाच्या घरात प्रवेश केला. माणसांनी सतत भरलेले घर, पैशांची चणचण, नेत्याभोवती जमलेले कार्यकर्ते आणि त्या गर्दीत एकटी पडलेली मुलगी, हे त्या पुस्तकाचे वातावरण आहे. ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्याकडे प्रामुख्याने एका प्रसिद्ध कवीच्या खाजगी आयुष्यावरील आरोपपत्र म्हणून पाहिले गेले. मला ते बंधुतेच्या जमाखर्चाचे पुस्तक वाटते. सदैव उघडे दार हा ज्या चळवळीचा अभिमान होता, ते दार उघडे ठेवण्याचे काम कोणाकडे होते, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही. पुस्तकात अन्याय्य वाटाव्यात अशा जागा आहेत, संतापाच्या भरात निवेदन कोठे कोठे सुटते. तरीही पँथरचा अभ्यास करणाऱ्याने जाहीरनाम्याच्या शेजारी ठेवून ते वाचले पाहिजे.

विद्यार्थिनीला तर या बंधुसंघाचे दार जवळजवळ नव्हतेच. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मधील संस्कृतच्या शिक्षणाची कहाणी ही एकटीची कहाणी आहे. नागपुरात पदव्युत्तर पदवी मिळवूनही नोकरीची दारे बंद राहतात, आणि आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते तेव्हा ती उघडतात. तिच्यासाठी सरकून जागा देणारे कोणी वसतिगृह त्या कहाणीत नाही. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) रत्नागिरीहून मुंबईत आलेली स्त्री नोकरी, मुले आणि घर सांभाळून एम. ए. करते, आणि तिच्या शिकण्याला विरोध होतो तो घरातूनच. पुरुष विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या घरात अभ्यासाला जागा मिळत होती, स्त्रीला स्वतःच्या घरातही नाही. पवार यांनी मीनाक्षी मून यांच्यासमवेत ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा ग्रंथ सिद्ध करून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्या शीर्षकातले ‘ही’ हे अव्यय आपण वाचताना सहज ओलांडतो.

वरळीकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण बंधुतेची दुसरी बाजूही तेथेच दिसली. ५ जानेवारी १९७४ रोजी, मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीच्या काळात, बीडीडी चाळींमधील आंबेडकर मैदानावर पँथरची सभा होती. पँथरने निवडणुकीवर बहिष्कार पुकारला होता. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि त्यानंतर वरळी व नायगावच्या चाळींत कित्येक आठवडे दंगल धुमसत राहिली. १० जानेवारीच्या निषेध मोर्चात वरून टाकलेल्या दगडी पाट्याच्या आघाताने भागवत जाधव यांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती भस्मे आयोगाने पुढे या दंगलीची चौकशी केली. त्या चाळींत बौद्धांच्या इमारती होत्या आणि इतरांच्याही. दोन्हीकडे कोकणातून, घाटावरून आलेली माणसे, दोन्हीकडे तेवढ्याच क्षेत्रफळाच्या खोल्या, गिरणीचा भोंगा एकच. दोन्हीकडच्या तरुणांना आपापल्या संघटनांनी भाऊ म्हटले होते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेच्या शाखांनीही बेकार, अर्धशिक्षित तरुणाला हेच दिले होते : बसायला जागा, हाक मारायला माणसे, आणि अडचणीला धावून येणारी टोळकी. म्हणजे खोलीची वाटणी बंधुता निर्माण करते, हे खरे असले तरी ती किती दूरवर पोहोचेल याची हमी खोली देत नाही. बोळाच्या पलीकडच्या इमारतीपर्यंतही ती पोहोचली नाही. ज्या वस्तूवर मसाला वाटला जातो ती वस्तू माणसाच्या डोक्यावर पडली, ही गोष्ट मला त्या दंगलीच्या साऱ्या वृत्तांतात सर्वांत भयंकर वाटते. स्वयंपाकघर तेवढ्यापुरते इतिहासात आले.

गिरणगावातील तरुणाला पुढे आणखी एका बंधुसंघाने बोलावले. १९८२ च्या संपानंतरच्या चाळीचे चित्रण करणाऱ्या जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात एका खोलीत आई आणि तिची मुले आहेत. एक लेखक होऊ पाहतो, एक गुंडांच्या टोळीत ओढला जातो. सख्खे भाऊ एका खोलीत असूनही त्यांच्यात बंधुता उरत नाही, आणि बाहेरची टोळी मात्र ‘भाई’ या शब्दाने त्याला आपलासा करते. प्रवेशाचा विधी, शपथ, परीक्षा, हे सारे त्या टोळीकडे आहे. पँथरच्या खोलीकडे ते नव्हते, हे आठवले म्हणजे दोहोंतला फरक कळतो. पवार यांनी आईला नाटकाच्या केंद्रस्थानी ठेवले, ही त्यांची जाण. जे आत्मकथनांनी एका वाक्यात उरकले, त्याला त्यांनी तीन अंक दिले असते तरी चालले असते.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचा आरंभ वरळीच्या जांबोरी मैदानावर ऑगस्ट २०२१ मध्ये झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे सामायिक शौचालयांच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसांना स्वतःचे दार आणि स्वतःची न्हाणी मिळाली, यात खंत करण्यासारखे काहीच नाही; बोळाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा त्या बोळात पावसाळा काढावा. अभ्यासकापुढे मात्र एक तातडीचे काम आहे. पात्रतेसाठी तपासल्या गेलेल्या कागदपत्रांत भाडेपावतीवर एका रहिवाशाचे नाव आहे, बहुधा पुरुषाचे. त्या खोलीच्या आश्रयाने कोण कोण शिकले, ही नोंद कोणत्याही कागदावर नाही. ज्यांनी त्यांना जेवू घातले त्या स्त्रियांपैकी काही आज ऐंशीच्या घरात आहेत आणि नव्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर राहावयास गेल्या आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन गेले, तर पहिला प्रश्न पँथरविषयी विचारू नये. कोण कोण कोठे झोपायचे, हे विचारावे.